जेलमधल्या माणसांचा आकडा वाचायचा कसा

भाचा लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या डिबेटसाठी मुद्दे काढत बसला होता आणि रात्री साडेदहाला त्याचा फोन, "मावशी, अमेरिकेत लाखामागे ५४० लोक जेलात आणि आपल्याकडे फक्त ४०, म्हणजे आपण कितीतरी सौम्य देश ना, हा पॉइंट घेऊ का?" मी म्हटलं आकडे दोन्ही बरोबर आहेत रे, पण त्या ४० मध्ये कोण कोण बसलंय ते बघितलंस का? नव्हतं बघितलं. मग आम्ही तास-दीड तास फोनवरच कागद-पेन घेऊन बसलो, आणि त्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहून ठेवतेय. मी गेली काही वर्षं कच्च्या (म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेल्या) कैद्यांना मोफत वकील मिळवून देण्याच्या कामात मदत करते, आणि हे आकडे लोक इतके सहज तोंडावर फेकतात की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या प्रत्येक आकड्यामागे मुलाकातीच्या रांगेत उभी असलेली कोणाची तरी आई मला दिसते.

गणित पाचवीचं आहे, फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी तारीख बघा

भारताचा आकडा एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद ब्युरोच्या, 'प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया' या रिपोर्टात मिळतो, तो दरवर्षीचा असतो आणि त्यात ३१ डिसेंबरला जेलात किती माणसं होती ते दिलेलं असतं. हा रिपोर्ट वेळेवर येत नाही, वर्ष-दोन वर्षं मागे असतो, त्यामुळे कोणी "सध्या भारतात इतके कैदी" असं म्हटलं की पहिलं विचारायचं, कुठल्या ३१ डिसेंबरचे? बाकीच्या देशांसाठी लंडनच्या बर्कबेक विद्यापीठातली संशोधन संस्था 'वर्ल्ड प्रिझन ब्रीफ' नावाची वेबसाइट चालवते, तिथे जवळपास प्रत्येक देशाचं पान आहे, एकूण कैदी, दर, कच्चे किती, बायका किती, क्षमता किती, सगळं एका जागी. पण तिथेही प्रत्येक देशाची तारीख वेगळी असते, एकाचा आकडा मागच्या महिन्याचा तर दुसऱ्याचा चार वर्षं जुना, आणि रँकिंगच्या यादीत दोन्ही शेजारी शेजारी बसलेले असतात. म्हणून देशाच्या पानावर जाऊन तारीख बघितल्याशिवाय तुलना करू नका.

मी इथे सगळीकडे ३१ डिसेंबर २०२२ चा भारताचा आकडा घेतेय, एकच तारीख धरली की गोंधळ होत नाही. त्या दिवशी आपल्या जेलांमध्ये ५,७३,२२० माणसं होती.

मग भागाकार

सोपी युक्ती अशी की लोकसंख्या लाखात लिहायची आणि कैद्यांच्या आकड्याला त्याने भागायचं, येईल तो लाखामागचा दर. २०२२ ला भारताची लोकसंख्या साधारण १४१.७ कोटी, म्हणजे १४,१७० लाख. ५,७३,२२० भागिले १४,१७० केलं की ४०.४ येतात. झाला दर.

आता गंमत बघा, हेच कोणी २०११ च्या जनगणनेने केलं, १२,११० लाखांनी भागलं, तर ४७ येतो. कैदी तेच, देश तोच, आणि दर सातने वर गेला. महाराष्ट्राचंही तसंच, २०२२ अखेर आपल्याकडे ४१ हजारांच्या आसपास कैदी होते, जनगणनेच्या १,१२४ लाखांनी भागलं तर ३६ च्या वर आणि २०२२ च्या अंदाजाच्या साडेबारा कोटींनी भागलं तर ३३. आपल्याकडे २०११ नंतरचा जनगणनेचा आकडाच हातात नाही त्यामुळे ही चूक फार जण करतात, चांगले शिकलेले लोकही करतात. तिसरी भानगड म्हणजे भागाकार सगळ्या लोकसंख्येने केलाय की फक्त सज्ञान लोकांच्या संख्येने. अमेरिकेत २००८ ला "दर शंभर प्रौढांमागे एक जण आत" हे वाक्य खूप गाजलं, ते प्रौढांचं होतं, अख्ख्या लोकसंख्येचं नव्हतं. भारताचे साधारण ९८ कोटी सज्ञान धरले तर आपला ४० चा दर ५८ होतो. चूक कुठलीच पद्धत नाही, पण एका देशाला एक आणि दुसऱ्याला दुसरी लावली की तुलना खोटी पडते.

मोजलंय कोणाला

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात मोठे घोळ इथेच होतात.

आपण जेल आणि प्रिझन एकाच अर्थाने बोलतो, अमेरिकेत ते दोन वेगळे प्रकार आहेत. तिथे जेल म्हणजे काउंटीचं, स्थानिक, जिथे खटल्याची वाट बघणारे आणि छोट्या शिक्षेचे लोक असतात, आणि प्रिझन म्हणजे राज्याचं किंवा केंद्राचं, जिथे साधारण एक वर्षाच्या वरच्या शिक्षेचे. त्यांचं न्याय खात्याचं सांख्यिकी ब्युरो जो इम्प्रिझनमेंट रेट देतं तो फक्त एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा झालेल्यांचा, २०२२ ला तो ३५५ होता. आणि जेल-प्रिझन दोन्ही मिळवलं की १८ लाखांच्या वर माणसं आणि दर ५४० च्या आसपास. एकाच देशाचे, एकाच वर्षाचे दोन अधिकृत आकडे, आणि दोघांत जवळपास दोनशेचा फरक. भाच्याने ५४० घेतला हे बरोबर केलं, कारण आपल्या ४० मध्येही कच्चे आणि पक्के (शिक्षा झालेले) सगळे आहेत. पण हे त्याला माहीत असून घेतलं नव्हतं, नशिबाने बरोबर पडलं.

चीनचं उलटं. चीनचा १७ लाखांच्या आसपासचा जो आकडा सगळीकडे दिसतो तो शिक्षा झालेल्यांचाच आहे, खटल्याच्या आधी कोठडीत असलेले त्यात नाहीतच. म्हणून चीन आणि भारत शेजारी ठेवून "त्यांचा दर आमच्या तिप्पट" वगैरे काही बोलायचं नाही, निदान आपल्या आकड्यातले फक्त पक्के बाजूला काढल्याशिवाय तरी नाही.

युरोपात आणखी एक बारकावा आहे, तिथल्या काही देशांत खालच्या कोर्टात शिक्षा झाली पण अपील चालू आहे असा माणूस 'अंतिम शिक्षा न झालेला' या खान्यात जातो. आपल्याकडे शिक्षा लागली की माणूस सिद्धदोष बंदी, मग हायकोर्टात अपील दहा वर्षं पडून का असेना. आणि आपल्या रिपोर्टात पोलीस लॉकअपमधले लोक नसतात, बालसुधारगृहातली, निरीक्षणगृहातली मुलं नसतात. कारागृहाच्या दाराच्या आत जो आहे तोच मोजला जातो. मात्र आईसोबत आत राहणारी बाळं रिपोर्टात वेगळी दिलेली असतात, २०२२ अखेर १,५३७ बायकांबरोबर १,७६४ मुलं आत होती, ही मुलं कुठल्याच दरात येत नाहीत.

छोट्या देशांची रँकिंग

दहाएक वर्षांपूर्वी जगात सगळ्यात जास्त दर कोणाचा होता माहितीये? सेशेल्सचा. हिंदी महासागरातला चिमुकला देश, लोकसंख्या ९२ हजार, कैदी ७३५, भागलं की लाखामागे ७९९, अमेरिकेच्याही वर. तिथले लोक काय इतके गुन्हेगार होते का, तर नाही, सोमाली चाचे समुद्रात पकडले गेले की खटल्यासाठी बरेचसे सेशेल्सला आणले जायचे आणि तिथल्याच जेलात राहायचे. शंभरेक परके कैदी आले की नव्वद हजारांच्या देशाचा दर लाखामागे शंभराने वर. आपल्या नौदलानेही चाचे पकडून मुंबईत आणलेत, २०११ ला शंभरावर, आणि मार्च २०२४ ला ३५ जण मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले, पण १४० कोटींच्या देशात त्याने दशांशाचा पहिला आकडासुद्धा हलत नाही. म्हणून यादी बघताना दहा लाखांच्या खालचे देश मी सरळ वेगळे काढते.

कच्चे आणि पक्के वेगळे करा

ही पायरी कोणी सोडू नका, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

त्या ५,७३,२२० मध्ये शिक्षा झालेले किती? १,३३,४१५. आणि ज्यांचा खटला अजून चालू आहे किंवा सुरूच झालेला नाही असे न्यायाधीन बंदी, ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो, ते ४,३४,३०२. शेकडा ७५.८. उरलेले थोडे स्थानबद्ध वगैरे. म्हणजे जेलातल्या दर चार माणसांपैकी तीन जणांना कुठल्याही कोर्टाने त्या केसमध्ये अजून दोषी म्हटलेलं नाही. आता दोघांचे दर वेगवेगळे काढा. पक्के १,३३,४१५ भागिले १४,१७० म्हणजे लाखामागे साडेनऊच्या आत. कच्चे ४,३४,३०२ भागिले १४,१७० म्हणजे ३०.६.

मी भाच्याला म्हटलं आता हेच इंग्लंड-वेल्सचं कर. २०२२ अखेर तिथे एकूण कैदी ८० हजारांच्या थोडे वर, लोकसंख्या सुमारे ६ कोटी, म्हणजे दर १३५ च्या आसपास, आपल्या तिपटीहून जास्त. पण त्यातले खटल्याआधीचे किंवा शिक्षा सुनावण्याची वाट बघणारे १४ हजारांच्या आसपास, म्हणजे लाखामागे २३-२४. आपला ३०. तो दोन मिनिटं काही बोललाच नाही. एकूण दरात आपण त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याइतके, आणि निकाल न लागता आत ठेवण्यात त्यांच्या पुढे. "आपण सौम्य" हा पॉइंट तिथेच गळाला. आपल्याकडे कमी लोकांना शिक्षा होते हे खरं, पण शिक्षा न होताच आत राहणारे कमी नाहीत, आणि यातले ११ हजारांहून जास्त लोक पाच वर्षांपेक्षा जास्त काळ कच्चेच होते.

का राहतात हे मी जवळून बघितलंय म्हणून सांगते. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. कोर्ट म्हणतं पंधरा हजारांचा जामीनदार आणा, पत्त्याचा पुरावा, सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला, आणि आत बसलेला माणूस परराज्यातून बांधकामावर आलेला, त्याला इथे रेशनकार्ड असलेलं कोण ओळखतं? एका पोराची ऑर्डर होऊन सात महिने झाले होते आणि त्याच्या घरच्यांना गावाकडे कळलंच नव्हतं की जामीन झालाय. त्याच्या बराकीतल्या दुसऱ्या माणसाच्या बायकोने मुलाकातीला आल्यावर आम्हाला सांगितलं. तारखेला पोलीस एस्कॉर्ट नाही म्हणून कोर्टात नेलं नाही, साक्षीदार आला नाही, जज बदलले, पुढची तारीख. अशी एकेक तारीख त्या ३०.६ मध्ये भर घालत असते.

आत किती आले आणि किती दिवस राहिले

३१ डिसेंबरचा आकडा म्हणजे फोटो. वर्षभरात आत-बाहेर किती झालं ते त्यात दिसत नाही. टाकीतलं पाणी जसं नळ किती सोडलाय आणि खालची तोटी किती उघडी आहे या दोन्हीवर ठरतं, तसंच इथे. रोज किती लोक आत येतात आणि प्रत्येक जण सरासरी किती दिवस राहतो, यांचा गुणाकार म्हणजे जेलची गर्दी.

रिपोर्टात वर्षभरात दाखल झालेल्यांचा आकडा पण असतो, बहुतेक लोक तिथपर्यंत जात नाहीत. २०१९ ला देशभरात १८,८६,०९२ जण जेलात दाखल झाले आणि वर्षअखेर आत ४,७८,६०० होते. आता वर्षअखेरच्या आकड्याला दाखल आकड्याने भागा आणि ३६५ ने गुणा, साधारण ९३ दिवस येतात, सरासरी मुक्काम. हे ढोबळ आहे, तोच माणूस वर्षात दोनदा आत गेला तर दोनदा मोजला जातो, आणि सरासरीत चार दिवसांत सुटणारे आणि आठ वर्षं बसलेले एकत्र असतात, तरी दिशा कळायला पुरेसं आहे.

२०२० चं करून बघा. कोविडचं वर्ष, सुप्रीम कोर्टाने मार्चमध्येच राज्यांना समित्या नेमून गर्दी कमी करायला सांगितलं, आपल्या महाराष्ट्रातही हजारो लोक तात्पुरत्या जामिनावर आणि पॅरोलवर सुटले. वर्षभरात दाखल झालेले घटून १६,३१,११० झाले, अडीच लाख कमी. मग वर्षअखेर गर्दी कमी व्हायला हवी ना? झाली ४,८८,५११, दहा हजारांनी जास्त. मुक्काम ९३ वरून १०९ दिवसांवर गेला. पक्के कैदी १,४४,१२५ चे १,१२,५८९ झाले, कच्चे ३,३०,४८७ चे ३,७१,८४८. कोर्टं नीट चालत नव्हती, खटले पुढे सरकत नव्हते, कच्चा माणूस पक्काही होईना आणि सुटेना. नळ बारीक झाला होता पण तोटी त्याहून जास्त आवळली गेली होती. मला तर वाटतं आपल्या जेलांबद्दल काही समजून घ्यायचं असेल तर ही दोन वर्षं शेजारी ठेवून बघावीत, बाकी भाषणं नकोत.

क्षमतेचा आकडा

याबद्दल थोडक्यात सांगते. २०२२ ला देशातल्या १,३३० जेलांची क्षमता ४,३६,२६६ होती, म्हणजे शंभर जणांच्या जागेत १३१. पण ही सरासरी आहे, तामिळनाडूत जागा रिकाम्या असतात आणि महाराष्ट्रात पंचवीस हजारांच्या जागेत ४१ हजार. मुंबईच्या आर्थर रोड जेलची मंजूर क्षमता वर्षानुवर्षं ८०४ सांगितली गेली आणि आत तीन-तीन हजार माणसं राहिलीत, रात्री कुशी बदलायलाही शेजाऱ्याला उठवावं लागतं असं सुटून आलेले सांगतात. आणि क्षमता हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही, आपल्या २०१६ च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर धरलेत, युरोपच्या छळप्रतिबंधक समितीचं किमान ४ आहे. कागदावर निकष जरा सैल केला की एक वीट न रचता क्षमता वाढते. म्हणून अचानक गर्दी कमी झालेली दिसली तर कैदी कमी झालेत की क्षमतेचा आकडा वाढवलाय, हे दोन्ही बघा.

गुन्हे आणि दर यांची गाठ लगेच मारू नका

दर जास्त म्हणजे गुन्हे जास्त, किंवा दर वाढवला की गुन्हे कमी, ही दोन्ही वाक्यं ऐकली की मी फिनलंड काढते. १९५० च्या सुमारास फिनलंडचा दर दोनशेच्या जवळ होता, शेजारी स्वीडन-नॉर्वे-डेन्मार्क पन्नास-साठच्या आसपास. फिनलंडने ठरवून चोरीच्या शिक्षा कमी केल्या, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना जेलाऐवजी सशर्त शिक्षा आणि दंड लावायला सुरुवात केली, आणि १९९० च्या दशकापर्यंत दर शेजाऱ्यांच्या बरोबरीला आला. या सगळ्या वर्षांत गुन्ह्यांचा आलेख चारही देशांत जवळपास सारखाच वर-खाली झाला. जेल भरणं-रिकामं करणं हा कायद्याचा आणि धोरणाचा निर्णय असतो, तो गुन्ह्यांच्या मागे आपोआप चालत नाही.

आता जगात पहिला मध्य अमेरिकेतला एल साल्वाडोर आहे, लाखामागे हजाराच्या वर. मार्च २०२२ मध्ये तिथे आणीबाणी लागली, पाऊण लाखाच्या वर लोक उचलले, ४० हजार जणांचं महाजेल बांधलं, आणि आता कोणीही म्हणतं बघा खून थांबले. खून खूप कमी झालेत हे खरं आहे, ते नाकारायचं नाही. पण मागची वर्षंही घ्या ना, २०१५ ला तिथे लाखामागे शंभरावर खून होत होते आणि २०२१ मध्ये, आणीबाणीच्या आधीच, ते १८ पर्यंत उतरले होते. आणि देश २०२१ लाही दराच्या यादीत पहिल्या पाचात होताच. आलेख जिथून आपल्याला सोयीचा आहे तिथून सुरू करायचा नाही, निदान दहा वर्षं मागे जायचं.

आकडा एका माणसापर्यंत आणायचा असेल तर

भाच्याला शेवटी मी हे सांगितलं, आणि ज्यांच्या ओळखीतलं कोणी आत आहे त्यांच्यासाठी हेच सगळ्यात कामाचं आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये कच्च्या कैद्यासाठी हिशोब दिलाय. गुन्ह्याची जास्तीत जास्त शिक्षा किती ते बघायचं, माणूस आधी कधी कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलेला नसेल तर त्या शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत झाला की त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायचं, नाहीतर अर्धा काळ झाला की जामिनाचा हक्क. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदाच अडकलेल्याला एक वर्ष. फाशी किंवा जन्मठेपेच्या कलमांना हे लागू नाही, एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा केसेस चालू असतील तरी अडचण आहे, आणि आरोपीमुळेच जो उशीर झाला ते दिवस वजा होतात. जुन्या केसेसनाही हे लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलंय, आणि अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे, घरच्यांवर नाही.

तर एका कागदावर अटकेची तारीख, केस नंबर, कोर्ट, लावलेली कलमं आणि प्रत्येक कलमाची कमाल शिक्षा एवढं लिहा, दिवस मोजा, आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे घेऊन जा, वकील फुकट मिळतो. जायला जमत नसेल तर १५१०० वर फोन लावा, हा विधी सेवेचा देशभराचा टोल फ्री नंबर आहे. कलमं माहीत नसतील तर एफआयआरची कॉपी मागा, आणि अटकेची तारीख रिमांडच्या कागदावर असते, घरातल्यांच्या आठवणीवर जाऊ नका, त्यात हमखास आठ-दहा दिवसांचा फरक पडतो.